अघाड्यावरच्या माशीचा नवरा

चारूताई शितोळे माशीसाठी नवरा शोधतायत, ही बातमी इंदूरच्या आमच्या सुदामा नगरात मीच पसरवली. बातमी खरी होती, म्हणून पसरायला जरा वेळ लागला.

ताई सरकारी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. स्वतः लग्न केलं नाही. भाऊ जयसिंगराव वारले, तेव्हापासून घरात त्या आणि त्यांचा मायक्रोस्कोप. दोघांत जास्त बोलकं कोण, हे आमच्या गल्लीला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांच्या घरासमोर रिकामा प्लॉट होता, त्यात अघाडा माजलेला. गौरी-गणपतीला पत्री म्हणून आपण त्याला हात जोडतो आणि एरवी त्याच्या बिया पँटला चिकटल्या की शिव्या घालतो. हिंदीवाले त्याला चिरचिटा म्हणतात. त्या अघाड्याच्या पानांवर ताईंना पांढऱ्या नागमोडी रेघा दिसल्या. पानाच्या वरच्या आणि खालच्या पापुद्र्यांमध्ये राहून आतला हिरवा गर खात जाणारी अळी अशी रेघ मागे सोडते. पुढे तिचा कोष होतो आणि कोषातून तिळाएवढी काळी-पिवळी माशी निघते. ताईंनी अशा माश्या काढल्या, पुस्तकांशी ताडून पाहिल्या, पुण्याच्या एका जाणकाराला फोटो पाठवले. आजवर कुणीच न नोंदलेली जात असावी, असं दोघांचंही मत पडलं.

"मग द्या ना नाव! बारसं करून टाकू," मी म्हटलं.

"नर नाही मिळाला," ताई म्हणाल्या. "माद्या सगळ्या सारख्याच दिसतात रे. जात कोणती, ते नराच्या पोटाच्या टोकाशी जो अवयव असतो त्याच्यावरून ठरतं. तो कापून, साफ करून बघावा लागतो."

"बिचाऱ्याची सोयरीक व्हायच्या आधीच?"

"परेश, तू चहा पी आणि जा."

पण हसल्या. हसताना कपबशी वाजली. तेव्हा मी पाहिलं, त्यांचा उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतानाही हलत होता. मॅडम संध्याकाळची घेतात, असं गल्लीत कुणीतरी आधीच ठरवून टाकलं होतं. होता कंपवात. तो वाढतच जाणार, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. सकाळच्या गोळीनंतर थोडा वेळ हात शांत राहायचा. तेवढ्या वेळात सुईच्या टोकाने तिळाएवढ्या माशीचं पोट उघडायचं होतं, आणि ती वेळ दिवसेंदिवस आखडत चालली होती. नर मिळायला उशीर झाला तर तो बघायला हातच उरणार नव्हते.

मी सियागंजच्या बाजारातून प्लास्टिकच्या बरण्या आणून दिल्या. ताई रेघा उमटलेली पानं बरणीत ठेवायच्या, तोंडाला मलमल बांधायच्या आणि वाट बघायच्या. निघायची ती मादी. नाहीतर त्याहून वाईट, एखादी सूक्ष्म गांधीलमाशी. तिच्या आईने अळीच्या अंगातच अंडं घातलेलं असायचं आणि ही बया अळीला आतून खाऊन बाहेर यायची.

"नवरदेव वाटेतच खाल्ला," मी म्हणायचो. काही दिवसांनी ताई या विनोदाला हसेनाशा झाल्या.

मग त्यांनी पद्धत बदलली. पान लवकर तोडलं की अळी उपाशी मरते, म्हणून अळ्या झाडावरच वाढू द्यायच्या. कुठली पानं उतरवायची हे कळावं म्हणून त्या देठांना खुणेचा दोरा बांधू लागल्या. घरात पूजेचा लाल नाडा पडून होता, तोच.

आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. रिकामा प्लॉट. अघाडा, ज्याची मुळी मांत्रिकाला लागते असं अर्धं इंदूर मानतं. त्याच्या देठांना लाल नाड्याच्या गाठी. आणि सकाळी सकाळी एक एकटी बाई, हात थरथरतायत, पानांवर वाकून काहीतरी पुटपुटतेय.

त्याच दिवसांत रामभाऊंची नात उर्वी डेंग्यूने हॉस्पिटलात गेली. रामभाऊ आमच्या कॉलनी समितीचे अध्यक्ष, त्यांची भिंत प्लॉटला लागून. पोरीच्या प्लेटलेट्स घसरत होत्या. रामभाऊ कपडे न्यायला घरी आले, गच्चीत गेले, आणि वरून त्यांना त्या गाठी दिसल्या.

मी दुकानातून परतलो तर गल्लीत धूर. मीठ, मिरच्या आणि रॉकेल टाकून अघाडा मुळासकट पेटवला होता.

"टोटका होता, परेश! करणी! माझ्या भिंतीला लागून!" रामभाऊ ओरडले.

"अहो, तो चारूताईंचा नाडा. माशीसाठी बांधला होता."

"माशीसाठी कोण गाठी बांधतं भिया?" त्यांचे डोळे रडून सुजले होते. "माझी पोरगी तिथे पडलीय आणि तू मजाक करून राहिलास!"

मी पहिल्यांदाच मजाक करत नव्हतो. पण मी खरं बोलतोय हे ओळखायची या गल्लीला सवय नाही.

ताई फाटकात उभ्या होत्या. भांडल्या नाहीत. धूर ओसरल्यावर त्या राखेत बसल्या आणि जळलेली माती बोटांनी उकरू लागल्या. खाली गळलेले कोष शोधत होत्या. जे हाती लागे ते बोटांत चुरत होतं.

उर्वी बरी झाली, आणि तिथेच घात झाला. बरी झाली म्हणजे जाळल्याचा गुण आला. ताईंना हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. त्यांनी उर्वीसाठी बेसनाचे लाडू पाठवले, डबा न उघडताच परत निघाला. वाटेत मी तो गाठला आणि सगळे लाडू खाऊन रिकामा डबा ताईंना दिला. पोरीने खाल्ले, असं त्यांना वाटावं म्हणून.

"बेसन कच्चं राहिलं होतं ना रे?" ताईंनी विचारलं. मी चांगलाच फसलो.

आगीच्या आधी उतरवलेल्या पानांची एकच बरणी उरली होती. तिच्यातून आधी गांधीलमाश्या निघाल्या. मग एका सकाळी फोन आला. "ये. नर आहे."

धावत गेलो. "तू पायरीवर बस," ताई म्हणाल्या. "आत नको, हसवशील." गोळी त्यांनी घेतली होती. मी बसलो. आत बराच वेळ काही नाही. मग काच टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि मी उठलो.

"येऊ नकोस!" ताई आतून ओरडल्या.

त्या बाहेर आल्या तेव्हा हात पुन्हा नाचत होता. "झालं," म्हणाल्या. "पोटाच्या टोकाचा आकडा वेगळाच वळलाय. अशी दुसरी कुठली नाही."

इतके दिवस या घटकेसाठी मी एक फर्मास वाक्य जपून ठेवलं होतं. ते तसंच ठेवलं आणि आत जाऊन चहाचं आधण चढवलं.

चित्र त्यांनी काढलं, रोज सकाळी थोडं थोडं, रेघ बिघडली की खोडून. नाव ठेवून, वर्णन लिहून पुण्याला गेलं. एक नर पुरतो, असं तिथल्या जाणकाराने कळवलं, पण आता ही माशी कुठे सापडते तेही विचारलं. त्या प्लॉटवर रामभाऊंच्या समितीने फरशा बसवल्या आहेत. दुसरीकडे कुठे, ते ताईंना ठाऊक नाही.

म्हणून रविवारी मी त्यांना स्कूटरवर मागे बसवून शहराबाहेर सांवेरच्या रस्त्याला नेतो. बांधावर अघाडा दिसला की थांबायचं. सोयाबीन कापून झालंय, झाडं वाळायला लागलीयत.

"ताई, नाव तर लागलं ना? मग कशाला ही वणवण?"

"नाव कुणाला लागलं रे? ती माशी कुठेतरी असायला नको?"

देठ आता त्यांच्या चिमटीत राहत नाही. पान मी धरतो, उन्हाकडे करतो, त्या मान वाकडी करून बघतात.

"उलटं कर."

मी उलटं केलं.

"नाही," ताई म्हणाल्या. "पुढचं."