शिवाच्या रक्तातली खूण

परशुराम कोयंडे गेला तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. मिठबावात त्याच्यासारखं जाळं फेकणारा दुसरा नव्हता, आणि शेवटी त्याला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरला होता. बापही असाच कंबर धरून गेला होता. तेव्हा त्या दुखण्याला घरात कुणी नावही दिलं नव्हतं.

धाकटा भाऊ शिवा त्याच्याच होडीवर वाढलेला. दिवसकार्य झाल्यावर गोव्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं. एकाच घरात दोघांना हा रोग, म्हणून परशुरामचं रक्त त्यांनी आधीच अभ्यासासाठी पाठवलं होतं. शिवानेही दंड पुढे केला. त्याला वाटलं, यातून काहीतरी औषध निघेल.

२००९च्या गणपतीनंतर निकाल आला.

"तुमच्या भावाच्या जनुकात जो दोष होता, तोच तुमच्यातही आहे," बाई म्हणाल्या.

"म्हणजे मला रोग झालाय?" इस्पितळात शिवा जपून शुद्ध बोलायचा.

"आज नाही. तुमची पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्ततपासणी, ठीक आहे. पण होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त आहे. दर सहा महिन्यांनी यावं लागेल."

"मगे ता काढून टाका!" जपून बोलणं सुटलंच.

"ते काढता येत नाही, शिवाभाऊ. शरीराच्या कणाकणात असतं." मग त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?"

एकच मुलगी होती, नम्रता. तिच्यात तो दोष असण्याची शक्यता निम्मी, असं बाईंनी सांगितलं. बायकांत त्यानं स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो. तिला सांगा, तिचं रक्त तपासू.

नम्रताचं लग्न रेडी गावच्या घरात ठरलं होतं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीख होती. शिवा एसटीने घरी आला आणि चकार शब्द बोलला नाही. लघवीला जाऊन आला की कुठे दुखतंय का ते पाहत मिनिटभर भिंतीला टेकून उभा राही. होडीवर जाणं सोडलं, जाळी विणायला घेतली, ती तशीच मांडीवर पडून राहत.

"तुमका झाला तरी काय?" बायको तुळसाने पंधराव्या दिवशी जाळं ओढून घेतलं. "पोटातला भायर काडा."

त्याने काढलं. तुळसाने हातातलं जाळं गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. मग म्हणाली, "चेडवाक सांगूक व्हया, नम्रताक."

"लगीन मोडात गो!"

"मोडूंदे."

नम्रताने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच रेडीला जाऊन होणाऱ्या नवऱ्याला सगळं सांगून आली. आठवड्याने लग्न मोडल्याचा निरोप आला. त्यांनी साखरपुड्याची साडी परत मागितली नाही, तेवढंच.

मार्चच्या तपासणीत शिवाचा पीएसए तिपटीने वाढलेला निघाला. सुई घालून तुकडा काढला. रोग होता, पण प्रोस्टेटच्या ग्रंथीतच होता. मे महिन्यात ऑपरेशन झालं. "वेळेवर सापडला," बाई हसून म्हणाल्या. या घरात एवढ्या लवकर कुणाचाच सापडला नव्हता. शिवाला हसू आलं नाही. लघवी आवरत नव्हती, लुंगीखाली फडकं बांधून तो ओसरीवर बसे आणि बंदरावर जायला लाजे.

जगला होता, म्हणून त्याला आता एकच ध्यास लागला. नम्रताचं रक्त.

"एकदा चल गो माझ्यावांगडा. माझा येळेर गावला मा?"

"गावला. मगे माझा काय कापतले, बाबा?"

तो पुन्हा म्हणाला, "चल."

"माका कळाक नको," ती म्हणाली. "माका दोन वर्सा तरी अशीच जगूंदे."

त्यानंतर त्याने तीनदा विचारलं. एकदा तर तिच्या पायांशी बसला, तेव्हा ती रडली, त्याला उठवलं, फडकं बदलायला पाणी आणून दिलं; पण आली नाही. सप्टेंबरमध्ये तपासणीला शिवा एकटाच गोव्याला गेला.

"मुलगी?" बाईंनी विचारलं.

शिवाने नकारार्थी मान हलवली आणि बाही सारून दंड पुढे केला. बाईंनी त्याच्या दंडाला पट्टा बांधला आणि शीर शोधायला लागल्या.