माझी भाकरी आणि कांबळे साहेबांचा समुद्र

भास्कर कांबळे यांनी पहिल्याच भेटीत दगडाचा चुरा खाल्ला आणि माझी भाकरी फाडली. चुऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. भाकरीबद्दल आहे, आणि ते मरेपर्यंत राहील.

कडेगावच्या बाजूला त्यांच्या मेव्हण्याच्या शेतात माझी बोअरची गाडी चालू होती. दुसऱ्यांच्या गाड्यांवर रॉड उचलून उचलून मी ती स्वतःची केली होती. त्यामुळे तिच्याजवळ कोणी आलं की आधी माझं डोकं तापायचं आणि मग मी बघायचो, आलंय कोण. दोनशे फूट झाले होते, नुसती धूळ उडत होती. एवढ्यात पायात रबरी बूट घातलेला एक सडपातळ म्हातारा आला. त्यानं भोकाजवळचा चुरा चिमटीत घेतला, जिभेवर ठेवला, दाढेखाली कुरकुरवला आणि थुंकून म्हणाला, "बंद करा गाडी. खाली लय लांबवर ह्योच दगड हाय."

आमचा धंदा फुटावर चालतो. गाडी बंद म्हणजे फूट बंद.

"तुमी कोण?"

"मेव्हणा ह्येंचा."

"मग मेव्हण्यानं लग्नात बोलावं. बोअरवर कशाला?"

पण मालकाचा त्यांच्यावर विश्वास. गाडी बंद झाली. मी रागानं बाभळीखाली जाऊन डबा सोडला. तर हे माझ्यासमोरच येऊन बसले. "का थांबवलं ते सांगतो," म्हणाले, आणि मी हो-नाही म्हणायच्या आत माझी भाकरी उचलली.

"ही आपली जमीन. हिकडं आपण, तिकडं मादागास्कर, मधी सेशेल्स. समदं एकच हुतं. खालनं चुलीची धग." दोन्ही हातांनी ते भाकरी हळूहळू ओढू लागले. "बगा, फाटायच्या आदी मधी पातळ हुती. मग चिरा पडत्यात. एक न्हाई, लय. त्यातली एकच शेवटपर्यंत जाती." भाकरी दुभंगली. "आवाज आला? न्हाई. खंड तुटतं तवा आवाज हुत न्हाई, गड्या. आता ह्यो काठ बगा, वर उचललाय. ह्यो सह्याद्री. मूळचा काठ पार पल्याड हुता, झिजत झिजत हितवर आलाय." दोन्ही तुकड्यांच्या मध्ये एक कपटा पडला होता. "ह्यो सेशेल्स. मादागास्कर आदी गेलं, ह्यो मागनं सुटला." मग त्यांनी माझी आमटीची वाटी उचलली आणि त्या फटीत ओतली. "आन् ह्यो अरबी समुद्र."

माझा अरबी समुद्र डब्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रातून झिरपून मातीत गेला.

"आता मी खाऊ काय?"

त्यांनी खरोखर विचार केला. "सेशेल्स खावा."

कांबळे साहेब रहिमतपूरचे. बावीस वर्षं ते समुद्रात तेल शोधणाऱ्या जहाजावर होते. तळाला भोक पाडायचं, वर येणारा चुरा धुवायचा, भिंगाखाली धरायचा, चाखायचा. मऊ लागला तर चिखल, दातात करकरला तर रेती. ते म्हणायचे, पाण्याखाली जमीन एकदम संपत नाही, बारवेसारखी पायऱ्यापायऱ्यांनी उतरते. खंड ताणलं गेलं तेव्हा एकेक कप्पा खचला, कप्प्यांत गाळ साठला. पारावर कोणी विचारायचं, "साहेब, तेल घावलं का?" ते म्हणायचे, "तेलाचं कंपनीला इचारा. मला काठ घावला." निवृत्त होऊन परत आले तेव्हा गावानं त्यांना समुद्रसाहेब हे नाव ठेवलं. न्हाव्याच्या खुर्चीत बसूनही ते मादागास्करबद्दल बोलत, आणि न्हावी कात्री थांबवून ऐके. मी मात्र त्यांना कधी पुरतं बोलू दिलं नाही. माझी भाकरी गेली होती.

पुढे मी रहिमतपूरजवळ आठ एकर माळ घेतला. मालक एक पेन्शनीत निघालेले सुभेदार. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या शेतात पाणी काढलं होतं, आता स्वतःच्या रानात आलं लावायचं होतं. मी भाव करायला बसलो की समोरचा उठून जातो. सुभेदार फौजी माणूस, ते बसून राहिले. माळाच्या वरच्या अंगाला काळ्या दगडाची एक उभी भिंत होती. माणसानं बांधल्यासारखी सरळ, कमरेएवढी, शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिच्या पलीकडे दहा-बारा हात सोडले की कांबळे साहेबांचा वडिलोपार्जित तुकडा.

"ही भिंत आन् तिच्या पल्याडचं धा-बारा हात रान मोजणीतनं काढा," मी म्हणालो. "दगडाचं पैसं मी देणार न्हाई."

"मग तेवढ्या पट्टीचं मी काय करू?"

"लोणचं घाला."

सुभेदारांनी पट्टी वगळली. त्या दिवशी मला वाटलं, जिल्ह्यात माझ्याएवढा हुशार माणूस नाही. कांबळे साहेब बांधावर उभे राहून सगळं ऐकत होते. आठवड्यानं कळलं, पट्टी त्यांनी घेतली. सुभेदारांनी पेढे वाटले. मलाही एक दिला.

मी माझ्या रानात बोअर मारला. कोरडा. दुसरा मारला. कोरडा. तिसऱ्यासाठी हातावर नारळ धरणाऱ्या पाणाड्याला आणलं; नारळ उभा राहिला, पाणी काही आलं नाही. आल्याचं बेणं आणून सावलीत पसरलं होतं, त्याला कोंब फुटू लागले होते. लावणीचे दिवस सरत होते. कोरेगावच्या बाजारात लोक मुद्दाम लांबून हाक मारायचे, "माने, आमच्याकडं बोअर मारायचाय, पर तुमच्यावानी नगं!" त्यातल्या एकाशी माझी मारामारी व्हायची राहिली.

अशात कांबळे साहेबांचा निरोप आला: पट्टीत बोअर मारायचा आहे, गाडी घेऊन या.

मी गेलो. धंदा तो धंदा. भिंतीच्या वरच्या अंगाला त्यांनी बुटाच्या टाचेनं खूण केली. शंभरावर थोडे फूट झाले असतील, आणि भोकातून असा फवारा उठला की मी, माझी गाडी आणि बघायला आलेले सुभेदार, तिघंही भिजलो. सुभेदार हसत होते. मी चिखलात उभा राहून ओरडलो, "आवं साहेब, ही काय जादू?"

"जादू कसली? पातळ झालेल्या भाकरीला चिरा पडल्या हुत्या, आठवतंय? त्यातली एक हितवर आली. खालनं तापलेला रस तिच्यात चढला आन् थिजला. ती ही भिंत. वरनं मुरत येणारं पाणी हिला अडतं, हितंच थांबतं. तुमी तिन्ही भोकं खालच्या अंगाला पाडली."

"मग मी जमीन घेत हुतो तवा का बोलला न्हाई?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी भाव करत हुता."

दुसऱ्या दिवशी मी पट्टी विकत मागायला गेलो. दुप्पट म्हणालो, तिप्पट म्हणालो. ते ओट्यावर बसून चुरा धूत होते. शेवटी म्हणाले, "माझा बा दुष्काळी कामावर खडी फोडायचा, माने. ह्या भिंतीवर त्यानं कितींदा घण घातला. ही फुटंना. संध्याकाळी हात सुजायचं. तवा तो म्हणायचा, भास्कर, ह्यो दगड वायला हाय, भाजून निघालाय, कुठनं आला ते शिकून ये. मी शिकाय गेलो तो समुद्रात पोचलो. ती पट्टी मी इकू कशी?"

मग मला बोअरपाशी घेऊन गेले आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "पाणी न्या. दिवसाआड पाळी तुमची."

"काय घेणार?"

"जितं जितं बोअर माराल तितला चुरा. दर धा फुटाला एक मूठ. पिशवीत घालायचा, खोली लिवायची, मला आणून द्यायचा."

मला काही कळेना. पाणी द्यायचं आणि धूळ घ्यायची, यात कुठंतरी फसवणूक असणारच. "धा फुटाला न्हाई परवडत," मी म्हणालो. "ईस फुटाला."

"बारा."

"अठरा."

पंधराला सौदा ठरला. घरी येईपर्यंत मी खूश होतो. नंतर लक्षात आलं, मी घासाघीस करणार हे धरूनच या माणसानं दहा सांगितले होते. त्याला पंधराच हवे होते.

आलं लागलं. तरारून आलं. मी सातारा-सांगलीच्या निम्म्या गावांतून पिशव्या आणल्या. त्यांची खोली भरली, मग ओटा भरला. पिशवी देताना ते विचारायचे, "काय वाटतंय?" मी म्हणायचो, "धूळ वाटतीया." "चाखा." एकदा रागानं चाखली. मग सवय लागली. गाडीवरची माझी पोरं हसायची.

एका पावसाळ्यानंतर साहेब गेले. झोपेतच. आवाज झाला नाही. त्यांची मुलगी सुजाता सांगलीला शाळेत शिकवते. तिनं मला एक चिठ्ठी दिली. "माने, पट्टी तुमची. सुभेदारांनी मला दिली त्याच भावात. भिंत फोडायची नाही. सुजाताशी घासाघीस करू नये, तिला जमत नाही."

मी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. मागं काही नव्हतं. फोडायला निदान चार फूट भिंत तरी मी मागितली असती, आणि ते दोन फुटांवर आले असते. पण समोर माणूसच नव्हतं. सांगितलेल्या भावात मी जन्मात एकच वस्तू घेतली, ती ही. ते मला अजून खुपतं.

गेल्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामासाठी खडीवाला आला. भिंत बघून त्याचे डोळे चमकले. त्यानं सांगितलेला आकडा ऐकून माझेही चमकले. मी नाही म्हणालो. "अर्धी द्या, शेठ." नाही. "चार हात?" घशापर्यंत आलेलं हो मी गिळलं. त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय. तो निवांत भिंतीवर टेकला आणि जेवायला डबा उघडला. भाकरी चांगली टम्म फुगलेली होती.

"पावणं," मी हात पुढं केला, "ती भाकरी द्या हिकडं. आन् आमटी आणलीया का?"