पाण्याची वेळ सांगणारी बाई

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही बंगळूरला जयनगरात राहत होतो. माझं माहेर बेळगावचं, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही घरच्याच भाषा. त्या जोरावर मी तिथल्या एका छोट्या गटात ओढली गेले. गट म्हणजे आम्ही आठ-दहा जण. परदेशातून शिकायला आलेली आणि मायदेशी लढाई पेटल्यामुळे इथेच अडकलेली काही मुलं होती, त्यांना मदत करता करता ते काम सुरू झालं होतं. पुढे त्यांच्या घरची माणसंही जीव वाचवून येऊ लागली. एक निवृत्त मुख्याध्यापिका सगळं बघायच्या. त्यांना आम्ही अक्का म्हणायचो. भाड्याची खोली शोधणं, शाळेत नावं घालणं, दवाखान्यात सोबत जाणं, अशी कामं त्या वाटून देत. नियम एकच, पण कडक.

"मागचं काही विचारायचं नाही," त्या म्हणायच्या. "त्यांनी आपणहून सांगितलं तर ऐकायचं."

मला हे फार जड गेलं. शेजारच्या घरी पाहुणे आले तर ते कुठून आले हे कळेपर्यंत मला चैन पडत नसे. आणि माझ्याकडे आली ती थेट काबूलहून आलेली बाई.

ती माझ्याच वयाची होती, पस्तिशीची. टिळकनगरात एका घरामागच्या दोन खोल्यांत ती, नवरा आणि सासू असे राहत. नवरा सुक्या मेव्याच्या दुकानात कामाला लागला होता. मी तिला बाजारहाट शिकवायचा, बस दाखवायची, व्यवहारापुरतं कन्नड शिकवायचं, असं ठरलं होतं. हिंदी सिनेमे पाहून तिला मोडकंतोडकं हिंदी येत होतं, त्यावर आमचं भागायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी मी जायचे. ती वेलदोडा घातलेला बिनदुधाचा चहा द्यायची, सोबत बशीत साखरेच्या गोळ्या. गप्पा व्हायच्या. पण बाहेर पडू या म्हटलं की ती मान हलवायची. तीन आठवडे तिने फाटक ओलांडलं नाही.

आमच्या बैठकीत सगळ्यांचं मत पडलं की ती घाबरली आहे. लढाई पाहिलेलं माणूस, वेळ लागणारच. मलाही ते पटलं. पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर, पेराशी, एक टणक घट्टा होता. असा घट्टा कारकुनांच्या बोटावर असतो, माझ्या वडिलांच्या होता. ही बाई एवढं काय लिहीत असेल? विचारायची तर सोय नव्हती.

चौथ्या आठवड्यात मी एक युक्ती केली. ती येत नाही तर निदान रस्ता कागदावर दाखवावा म्हणून तिच्या घरापासून जयनगरच्या बाजारापर्यंतची वाट काढून नेली. दोन रेघा, मध्ये एक चौकोन, बसथांब्याला फुली. कागद पुढे सरकवत मी आपली सवयीने मराठीतच म्हणाले, "हा नकाशा."

तिने झटकन वर पाहिलं. "नक्शा?" तिच्या भाषेतही तोच शब्द होता. तिने कागद उचलून उलटसुलट फिरवला, आणि मग अगदी गंभीरपणे विचारलं, "उत्तर किधर?"

बारा वर्षं त्या भागात राहत होते, पण उत्तर कुठे हे कधी मनात आलं नव्हतं. सूर्य कुठून उगवतो ते आठवत मी एकीकडे बोट केलं. तिने माझ्या हातातून पेन्सिल घेतली, कोपऱ्यात एक बारीक बाण काढला, आणि माझ्या चौकोनाशेजारी हलक्या हाताने एक रेघ ओढली. पट्टी न लावता इतकी सरळ रेघ मी आधी कधी पाहिली नव्हती.

मग ती बोलू लागली. मी काही विचारलं नव्हतं. काबूलच्या नगरपालिकेत ती पाण्याच्या नळांचे नकाशे काढायची. अकरा माणसांच्या खोलीत ती एकटीच बाई. कचेरीवर तोफगोळा पडला तेव्हा ती घरी होती. नकाशांची कपाटं जळाली, एवढंच तिने सांगितलं. माणसांचं सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

बाहेर का पडत नाही, तेही त्या दिवशी कळलं. तिच्या शहरात कुठल्याही रस्त्यावर उभं राहिलं तरी डोंगर दिसतात. कुठला डोंगर कुठल्या अंगाला आहे ते बघायचं आणि चालायला लागायचं. इथे जिकडे बघावं तिकडे झाडं. शहर कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते तिला कळत नव्हतं, म्हणून पाऊल उचलत नव्हतं. आम्ही त्याला भीती म्हणत होतो.

शुक्रवारी गेले तर ती घरात नव्हती. सासूने हातानेच सांगितलं, गेली. अर्ध्या तासाने ती उन्हाने लाल होऊन आली. बाजारापर्यंत पावलं मोजत जाऊन परत आली होती. माझ्या कागदामागे नवा नकाशा होता. मेन म्हणजे मोठे रस्ते आणि क्रॉस म्हणजे त्यांना छेदणाऱ्या गल्ल्या, सगळ्यांच्या नंबरांसकट, आणि ब्लॉक बदलला की नंबर पुन्हा कसे सुरू होतात त्याबद्दल तिची तक्रारही होती.

त्यानंतर प्रश्न तिचे आणि पंचाईत माझी. पाणी एक दिवसाआड का येतं? कुठल्या नदीचं? त्या गल्लीला सकाळी आणि या गल्लीला दुपारी का? कावेरी, एवढं मी सांगू शकले. पुढचं मला माहीत नव्हतं. मग तिने माणूस हेरला. लांब लोखंडी चावी घेऊन सायकलवरून येणारा, रस्त्यातलं झाकण उघडून पाणी सोडणारा वॉल्व्हमन. पहिल्या दिवशी मी दुभाषी म्हणून गेले. त्याला वाटलं आम्ही तक्रार घेऊन आलोय. ती फक्त बघायला आली आहे हे पटल्यावर तो थोडा लाजला.

"बावीस वर्षं झाली नोकरीला," तो मला कन्नडमध्ये म्हणाला. "पाणी का आलं नाही हे सगळे विचारतात. कसं येतं, हे या ताईंनीच पहिल्यांदा विचारलं."

मग माझी गरज उरली नाही. ती त्याच्यामागोमाग झाकणं बघत फिरायची आणि वहीत खुणा करायची. मी शिकवलेली भाजीपाल्याची नावं ती विसरली, पण त्याच्याकडून वाक्यं उचलत गेली. तिचं पहिलं पुरं कन्नड वाक्य मी ऐकलं ते तिच्या दाराशी. शेजारीण कळशी घेऊन उभी होती आणि ही सांगत होती, "नीरु नाळे बरुत्ते." पाणी उद्या येईल.

दुसऱ्या दिवशी पाणी आलं. नंतर ती गल्ली तिलाच विचारू लागली. आधी दोन बायका, मग घरमालकीण, मग कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. विचारायला आलेली बाई चार शब्द बोलून जायची, कधी वाटीभर सांबार ठेवून जायची. शेजारणींशी तिची ओळख करून देण्यासाठी आमच्या गटाने एकदा तिच्याच घरी चहापान ठेवलं होतं, तेव्हा सगळ्या बायका भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. ते मला आठवलं आणि थोडी शरमही वाटली.

मी अक्कांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मागचं विचारू नका म्हटलं मी. पण काय येतं तुम्हाला, एवढं तरी विचारायला हवं होतं." त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं इमारतींचे आराखडे काढायचं ऑफिस होतं. तिथून तिला घरी ट्रेसिंगचं काम मिळू लागलं. खोलीतलं एकुलतं टेबल खिडकीशी गेलं आणि चहा जमिनीवर बसून होऊ लागला.

दोन वर्षांनी त्यांना दुसऱ्या एका थंड देशाचे कागद मिळाले. आठ दिवसांत आवराआवर झाली. ती गेली त्या दिवशी मला सासरी जावं लागलं होतं, त्यामुळे निरोप राहिला. सहा महिन्यांनी हिंदी-इंग्रजी मिसळून लिहिलेलं पत्र आलं. बर्फ खूप आहे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, असं बरंच काही होतं. शेवटी लिहिलं होतं की तिथेही मदतीला एक बाई येते. फार प्रेमळ आहे, दर वेळी ब्लँकेट आणते. आता घरात नऊ ब्लँकेटं झाली आहेत, आणि तिला नको कसं म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही.