अडतीस सेंटिमीटर

आमच्या माती सर्वेक्षणाच्या कार्यालयात खड्ड्यात उतरणाऱ्या बाई एकच, लीलाताई मोघे. बाकीचे सर्वेक्षक काठावर उभे राहून मजुराला विचारायचे, खाली काय दिसतंय म्हणून. लीलाताई साडीचा पदर खोचून स्वतः आत उतरायच्या, सुरीने भिंत खरवडायच्या, थर मोजायच्या. मातीचा गोळा पाण्यात मळून अंगठ्याने त्याची पट्टी काढायच्या. पट्टी लगेच मोडली तर वाळू जास्त, लांब निघाली तर चिकणमाती जास्त. मग रंगांची पुस्तिका उघडून उन्हात मातीचा रंग जुळवायचा आणि सगळं डायरीत शिसपेन्सिलीने टिपून ठेवायचं.

मी त्याच कार्यालयात टाइपिस्ट होतो. ग्वाल्हेरचं ते कार्यालय आता दुसऱ्या खात्यात विरून गेलं. ताई खासगी बाजार नावाच्या पेठेत राहायच्या, मी तिथून दोन गल्ल्या पलीकडे. सकाळी बरोबरच निघायचो. मला त्या अरे-तुरे करत, धाकट्या भावासारखं.

२००८च्या हिवाळ्यात त्यांना रेहट्याचं काम मिळालं. घाटीगावच्या पुढे रेहटा नावाची गुर्जरांची वस्ती आहे. तिथली चारशे हेक्टर जमीन सरकारी चराईची. उतरणीची, तांबूस, मधूनमधून खडक डोकावणारी. पाऊस बेताचा, तोही दोन महिन्यांत आटोपणारा. वस्तीतला दौलतसिंह गुर्जर त्यांच्याबरोबर दिवसभर हिंडायचा. कुठे गवत आधी वाळतं, कुठे माघापर्यंत टिकतं, हे त्याला पाठ होतं. ताईंनी त्याच्या सांगण्यावरून खड्ड्यांच्या जागा ठरवल्या. एकूण अकरा खड्डे.

अकराही खड्ड्यांत वर वाळूमिश्रित माती, खाली जरा चिकट थर आणि सरासरी अडतीस सेंटिमीटरवर चुनखडीच्या खड्यांचा घट्ट थर. आम्लाचे थेंब टाकले की तो फसफसायचा. शास्त्रात अशा मातीला इन्सेप्टिसॉल म्हणतात, म्हणजे थर अजून पुरते घडलेले नाहीत अशी माती. जमिनीचे आठ वर्ग असतात. पहिल्या चारांत नांगर चालतो, पुढच्यांत चालवू नये. ताईंनी रेहटा सहाव्या वर्गात घातलं आणि खाली लिहिलं, ‘फक्त चराईस योग्य. गवताचं आच्छादन काढल्यास माती वाहून जाईल.’

अहवाल टाइप करायला माझ्याकडे आला, त्याच दुपारी साहेबांनी मला आत बोलावलं.

“यशोधन, इसमें गहराई ३८ है ना? उलट दो. ८३ कर दो.”

“साहब, मैडम ने तो…”

“कोई पूछे तो टाइपिंग की ग़लती. और पीछे जो गड्ढों की सूची है, वो निकाल दो.”

मातीची खोली बदलली की जमिनीचा वर्ग आपोआप बदलतो. त्र्याऐंशी सेंटिमीटर खोल माती तिसऱ्या वर्गात जाते आणि तिसऱ्या वर्गात शेती करता येते. औषधी वनस्पती लावणाऱ्या एका कंपनीला ती जमीन हवी होती, हे कार्यालयात शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं. मी तेव्हा रोजंदारीवर होतो. कायम होण्याचा माझा कागद साहेबांच्या टेबलावर सात महिने पडून होता. मी ते पान नव्याने टाइप केलं. पंधरा मिनिटं लागली. पुढच्या महिन्यात मी कायम झालो.

छापील अहवाल ताईंच्या हातात आला तोवर रेहट्याला तारेचं कुंपण पडलं होतं. त्या तडक साहेबांच्या खोलीत जाऊन आल्या. “टायपिंगची चूक आहे म्हणतात. शुद्धिपत्र काढतील,” एवढंच माझ्या टेबलापाशी थांबून बोलल्या. माझ्याकडे बघितलं आणि गेल्या. शुद्धिपत्र कधीच निघालं नाही. त्यांनी वरपर्यंत पत्रं लिहिली, तेव्हा त्यांना क्षेत्रकामावरून काढून नमुन्यांच्या भांडारात बसवलं. निवृत्तीपर्यंत त्या पिशव्यांना चिठ्ठ्या लावत राहिल्या.

कंपनीने तीन वर्षं ट्रॅक्टर फिरवले. खालचा चुनखडीचा थर वर आला, रोपं पिवळी पडून वाळली. मग कंपनी निघून गेली. गवत आधीच गेलं होतं. उघड्या उतारावरची माती दर पावसाळ्यात नाल्यात उतरत राहिली. दौलतसिंहाने गाई विकल्या, मागे राहिल्या थोड्या शेळ्या. त्या भावाकडे टाकून तो मुरारला एका गोदामावर चौकीदार झाला. एकदा ताई त्याला तिथे भेटल्या. तो खुर्चीवरून उठलाही नाही.

“बहनजी, दिन भर मैं आपके साथ घूमा. काग़ज़ पे नाम तो आपका ही था.”

ताईंनी त्याला पेन्सिलीच्या डायरीबद्दल सांगितलं. तो म्हणाला, “वो डायरी हमारे किस काम की?”

२०२३ साली अवंतिका नावाची एक मुलगी मला शोधत आली. इथलीच, मराठी घरातली. अर्धशुष्क भागातल्या चराईच्या मातीवर पीएचडी करत होती. तिला लीला मोघे यांना भेटायचं होतं. मी घेऊन गेलो. अहवालाची छायाप्रत तिने आदराने पुढे ठेवली.

“मॅम, माझा पूरा आधार यही है. रेहट्याची जुनी आकडेवारी दुसऱ्या कोणाकडे नाहीच आहे.”

ताईंनी शांतपणे डायरी काढून अकरा खड्ड्यांची पानं दाखवली. अवंतिका गोंधळली. “पण मॅम, मग छापलेल्यात ८३ कसं आलं?”

मी म्हणालो, “मी टाइप केलं. सांगितलं म्हणून केलं.”

“ठाऊक आहे,” ताई म्हणाल्या. “टाइपिस्ट एकच होता कार्यालयात.”

आठवड्याने आम्ही तिघं रेहट्याला गेलो. ताई सदुसष्ट वर्षांच्या. मजुराने जुन्या तिसऱ्या खड्ड्याच्या जागेजवळ नवा खड्डा घेतला, आणि मी नको म्हणत असताना ताई आत उतरल्या. वीस सेंटिमीटरवरच सुरी खड्यांवर वाजली. दुसऱ्या खड्ड्यात एकोणीस, तिसऱ्यात एकवीस. अडतीसातली अर्धी माती गेली होती. ताईंनी तिन्ही आकडे डायरीत शिसपेन्सिलीने टिपले.

मी सगळं लिहून, सही करून अवंतिकाला दिलं. तिच्या मार्गदर्शकांनी ते बाजूला सारलं. निवृत्त टाइपिस्टची आठवण हा पुरावा नाही, डायरी प्रसिद्ध झालेली नाही, छापील आकडाच धरा, असं त्यांचं म्हणणं. अवंतिकाने फोनवर रडतच मला हे सांगितलं. पण प्रबंध तिने वेळेत सादर केला.

त्याची प्रत तिने ताईंना पाठवली. ताईंनी मला बोलावून एक पान वाचायला दिलं. त्र्याऐंशीतून वीस गेले, म्हणून पंधरा वर्षांत रेहट्याची त्रेसष्ट सेंटिमीटर माती नष्ट झाली, असं त्यात होतं. कारण दिलं होतं, ‘स्थानिक पशुपालकांची अनिर्बंध चराई, विशेषतः शेळ्या.’ उपाय म्हणून सगळ्या भागाला कुंपण घालावं, अशी शिफारस. कंपनीचा आणि ट्रॅक्टरचा उल्लेख कुठेच नव्हता.

“एवढी माती तिथे कधी नव्हतीच,” मी म्हणालो.

“हे तू मला सांगतोस?”

मी काही तरी पुटपुटलो. लहान मुलं होती, नोकरी कच्ची होती, असं काही.

“होती ना,” ताई म्हणाल्या. “दौलतसिंहालाही मुलं होती.” त्यांनी प्रबंध माझ्या हातातून काढून घेतला आणि दाराकडे बघितलं. मी उठलो.

त्यानंतर त्यांनी मला घरी बोलावलं नाही. दालबाजारात कधी समोर आल्या तर थांबतात, तब्येत विचारतात. आता मला ‘तुम्ही’ म्हणतात.