आग मागायला गेलो तेव्हा

कामठ्याला माझे शिलाईचे छोटे दुकान आहे. नवरात्रात गावदेवी मातामायची चुनरी दरवर्षी मीच शिवतो, त्यामुळे गावाला मी मोठा भाविक वाटतो. पण ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षी चुनरीला जरीचा गोटा लावताना माझ्या मनात भक्ती नव्हती. हिला माझे काही पडलेले नाही, हा एकच विचार मशीनच्या चाकाबरोबर फिरत होता. उजव्या पायाच्या करंगळीशेजारचे बोट काळे पडत चालले होते. चार पावले चालले की पोटरीत गोळा येई आणि रस्त्यात उभे राहावे लागे. लोकांना वाटे, टेलर मास्तर कोणाची तरी वाट पाहून राहिला. रात्री पाय खाटेखाली लोंबता सोडला तरच थोडे बरे वाटायचे.

गोंदियाच्या डॉक्टरांनी पाऊल हातात घेऊन बराच वेळ नाडी शोधली. ती त्यांना सापडली नाही. मग त्यांनी माझ्या बोटांवरचे पिवळे डाग पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. ‘देखो टेलर, या तो बीडी रखो, या पैर. दोनों नहीं रहेंगे,’ ते म्हणाले. धुराने नसा आतून बुजत जातात, रक्त टोकापर्यंत पोचत नाही, आणि यात कमी करून भागत नाही, अर्धी बिडीसुद्धा चालायची नाही, हे त्यांनी मला दोनदा समजावले. शिंप्याला पाय म्हणजे काय, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मशीनला मोटर बसवली तरी तिलाही पायच लागतो.

मी बसमधून उतरलो तो थेट मातामायच्या ओट्यावर गेलो. तिच्या पायाशी कपाळ टेकले आणि शपथ घेतली, की आजपासून बिडीला शिवणार नाही. संध्याकाळी जेवण झाल्यावर ती शपथ मोडली. सकाळी रडत गेलो, पुन्हा घेतली, दुपारच्या चहाबरोबर पुन्हा मोडली. असे किती वेळा झाले याचा हिशेब मी ठेवला नाही, ठेवला असता तर तोंड दाखवायला जागा राहिली नसती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मी तर मरायलाही तयार होतो, पण खोड तेवढी जाईना. पुढे पुढे ओट्यावर जायचीच भीती वाटू लागली. देवीशी खोटे बोललो, आता ती पाय नेणारच, असे वाटायचे. आणि कधी वाटायचे, हा नुसता शेंदूर लावलेला दगड आहे, त्याला काय कळणार. असे मनात आले म्हणून मग स्वतःचीच किळस यायची.

माझी बायको कमल लग्नाआधीपासून बिड्या वळत होती. आमच्या ओसरीत तेंदूच्या पानांचा आणि तंबाखूचा वास कायमचा भरलेला असायचा. मांडीवर सूप घेऊन ती बसली की तिची बोटे माझ्या मशीनपेक्षा भरभर चालत, आणि सुपातली एखादी बिडी उचलून मी तिथेच पेटवायचो. आमच्या घरात ते लाडाचे समजले जायचे. मी डॉक्टरांकडून आल्यानंतर तिने उरलेली पाने आणि तंबाखू ठेकेदाराला परत केली आणि काम बंद केले. सूप धुऊन तांदळाला घेतले. मी म्हटले, तू कशाला सोडतेस, तुझे काय चुकले? ती म्हणाली, ‘मायाच हातच्या बिड्यायनं तुमचा पाय खाल्ला जी.’ एवढे ऐकूनही मी त्याच दिवशी दुकानाच्या मागे जाऊन बिडी ओढली. ती धुणे वाळत घालायला मागे आली आणि तिने पाहिले. ती भांडली असती तर बरे झाले असते. ती ओल्या कपड्यांची बादली घेऊन तिथेच खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

धनराज माझा शाळेपासूनचा मित्र. त्याची पिठाची चक्की माझ्या दुकानाला लागून आहे. पहिली बिडी आम्ही दोघांनी मिळून ओढली होती. माझे ऐकल्यावर त्याने आपले बंडल माझ्यासमोर चुलीत टाकले आणि पुन्हा कधी घेतले नाही. त्याला जमले, मला नाही, याचाही मला राग आला. मग त्याने गावातल्या प्रत्येक पानठेल्यावर जाऊन सांगितले, की मास्तरला बिडी द्यायची नाही. भजनमंडळातले लोक मला पाहून आपली बिडी खिशात सरकवू लागले. कोणी पाठीवर हात ठेवून म्हणायचे, ‘होऊन जाईन मास्तर, हिंमत सोडू नोको.’ कोणी बडीशेप आणून द्यायचे, कोणी लवंग. पूर्वी वाळीत टाकलेल्या माणसाची पान-बिडी बंद करत, असे म्हातारे सांगतात. माझी तर गावाने प्रेमाने बंद केली, पण मला ती वाळीत टाकल्यासारखीच लागली. इतकी माणसे मला धरून उभी होती आणि मी सगळ्यांच्या हातांतून निसटत होतो. अष्टमीला महाप्रसाद झाल्यावर ओट्यामागच्या भिंतीशी लोकांनी टाकलेली थोटके पडली होती. त्यातले एक मी वाकून उचलले. मान वर केली तर समोर पत्रावळी उचलणारा धनराज. त्याने पटकन दुसरीकडे पाहिले. त्याने शिवी दिली असती तरी चालले असते.

दसऱ्यानंतर मी हात टेकले. पाय जायचा तर जाऊ दे, पण ही रोजची चोरी नको, असे मनाशी ठरवले. अस्तर आणि रिळे आणायची आहेत असे कमलला सांगून मी आमगावची बस धरली. तिथे मला ओळखणारे कोणी नव्हते. पहिल्याच ठेल्यावर बंडल घेतले आणि पोटभर ओढायची म्हणून स्टेशनबाहेरच्या झाडाखाली जाऊन बसलो. एक बिडी ओठांत धरली आणि खिसे चाचपले. आगपेटी नव्हती. आयुष्यभर घरच्या चुलीजवळची पेटी उचलून खिशात टाकायची सवय. कमलने ती नुकतीच लपवून ठेवली होती, आणि बंडल घेताना पेटी मागायचे सुचलेच नाही. ठेल्यापर्यंत परत चालायचे तर पोटरीत गोळा आला होता.

झाडाच्या दुसऱ्या बाजूला एक म्हातारी शिंगाड्यांचा टोपला घेऊन बसली होती. ती उकडलेले शिंगाडे सोलत होती आणि तिच्या ओठांत बिडी होती. आमच्याकडे जुन्या बाया ओढतात, त्यात नवल नाही. मी सरकत सरकत तिच्याजवळ गेलो आणि म्हटले, ‘मावशी, जरा आग द्या.’ तिने जळती बिडी ओठांतून काढून माझ्याकडे धरलीही होती. तेवढ्यात तिची नजर माझ्या पायावर गेली. चपलेतून ते बोट दिसत होते.

‘पायाले काय झालं?’ तिने विचारले. मी सांगितले. का कोण जाणे, डॉक्टरांचे शब्दही सांगितले.  ती म्हणाली, ‘माया बुढ्याचं बी असंच झालं. पयले बोट गेलं, मंग पाय गेला, मंग बुढा गेला.’ आणि तिने हातातली बिडी जमिनीवर घासून विझवली. ‘आता मायाजवळ आग नाही,’ ती म्हणाली.

 काऊन विझवली, असे मी विचारले. तिने टोपल्यातली दुसरी सुरी माझ्या हातात दिली. ‘हात रिकामे हायेत म्हनून मागतेत. सोल. टोपला सरेवरी सोल, मंग तुले जे कराचं ते कर.’ मी ओठांतली बिडी काढून खिशात ठेवली आणि सोलू लागलो. शिंगाड्याचे काटे बोटांत घुसत होते. काळे साल निघून पांढरा गर हातात येत होता. ती गिऱ्हाइकांना पुडीत बांधून देई, मी पुढचा सोलायला घेई. मध्येच मला रडू कोसळले. येणारे-जाणारे बघत होते, तिने बघितले नाही. थोड्या वेळाने मी म्हटले, ‘मावशी, तुमच्यासमोर मातामायची शपथ घेतो.’ ती एकदम कडाडली, ‘कायले? तू मोडशीन, मंग तिच्या तोंडाकडे पाहाले भेशीन. तिले काई देऊ नोको. तिले माग.’

टोपला रिकामा झाला. तिने तो झटकला, डोक्यावर ठेवला आणि मला घरी जायला सांगून निघून गेली. तिचे गाव कोणते, नाव काय, हे मी विचारले नाही. बसमध्ये ते बंडल खिशात टोचत होते. घरी आल्यावर मी ते कमलच्या हातात दिले आणि सारे सांगितले. त्या दिवसानंतर मी बिडी ओढलेली नाही.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. पुढचे दिवस मी कसे काढले ते माझे मला माहीत. अंगाला कापरे भरे, मशीनवर सुई कुठे चालली आहे ते दिसत नसे, कमलवर विनाकारण ओरडायचो. धनराज चक्की सोडून माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि काजे करायला घ्यायचा. त्याचे काजे इतके वाकडे होत, की ते उसवण्यातच माझी दुपार जाई. तो मुद्दाम वाकडे करायचा, असा मला संशय आहे. एवढे करूनही ते बोट वाचले नाही. गोंदियाला जाऊन ते काढावे लागले. खाटेवर पडून मी मातामायला म्हणालो, मी सोडली, तरी तू घेतलेसच. त्या काळात मला तिचा आधार वाटला असे मी म्हणणार नाही. घाव भरायला फार दिवस लागले आणि रोज पट्टी सोडताना वाटायचे, आता शेजारचे बोट काळे दिसणार. ते दिसले नाही. पुढच्या खेपेला डॉक्टरांना पावलावर नाडी लागली, अगदी बारीक, पण लागली.

बरे वाटल्यावर मी आमगावला जाऊन आलो. झाडाखाली कोणी नव्हते. चहावाला म्हणाला, शिंगाड्याचा हंगाम सरला, आता बुढी पुढच्या साली. मनात आले, ती माणूस नव्हतीच, मातामायच होती. भजनमंडळाला तर तशी खात्रीच झाली होती.

पुढच्या हंगामात ती तिथेच बसलेली होती. तोच टोपला, तेच झाड. तिने आधी माझ्या पायाकडे पाहिले, मग तोंडाकडे. ‘हाये ना पाय?’ म्हणाली. मी चप्पल काढून दाखवला. तिच्या ओठांत बिडी नव्हती. मी विचारले, ‘मावशी, तुमची?’ ती म्हणाली, ‘तवाच सुटली.’ मी तिच्या पाया पडलो आणि म्हणालो, त्या दिवशी मातामायने तुम्हाला माझ्यासाठी बसवले होते. तिने नाही म्हणून मान हलवली. हातातला शिंगाडा सोलत ती माझ्याकडे न पाहता बोलली.

‘बुढ्याले शेवटी उठता येत नोतं. पेटवून दे म्हने. मी मायाच तोंडानं पेटवून त्याच्या तोंडात देओ. डाक्टरनं नाही म्हटलं होतं, तरी देओ. त्याचं तोंड पाहावत नोतं. मेला त्या दिवशी बी मीच देल्ली. तू आग मागतली, तं मले तोच येऊन बसला दिसला. एक डाव तं त्याले नाही म्हनाले भेटलं मले.’

 बरा झाल्यापासून मी ओट्यावर बसून माझ्या पायाबद्दल देवीचे आभार मानत होतो. त्या झाडाखाली आणखी कोणी काही मागत बसले असेल, हे माझ्या डोक्यातही आले नव्हते. मी सुरी घेतली आणि टोपला सरेपर्यंत तिच्याशेजारी बसून सोलत राहिलो. घरी येऊन कमलला तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. कमल ऐकता ऐकता पदर तोंडाला लावून रडली, इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मग डोळे पुसून म्हणाली, ‘मले त्या मायजवळ घेऊन चला जी.’ मी तिला घेऊन गेलो. त्या दोघी काय बोलल्या ते मी ऐकले नाही, मी मुद्दाम चहाच्या टपरीवर जाऊन बसलो होतो. येताना बसमध्ये कमल माझ्या खांद्यावर डोके ठेवून झोपली.

बोट गेले ते गेलेच. थंडीत पाय अजून दुखतो आणि तलफ अजून येते, जेवण झाल्यावर तर हमखास. आता मी मातामायला काही कबूल करत नाही. माय, माझ्याच्याने होत नाही, तू बघ, एवढेच म्हणतो. धनराज, कमल, ते सारे गाव आणि ती म्हातारी यांच्यात तिचे हात कोणते आणि माणसांचे कोणते, हे मला वेगळे करता येत नाही, आणि करावेसेही वाटत नाही. आजचा दिवस तिने सांभाळला आहे. उद्याचे मी तिला विचारत नाही.