वाळक्या वेलींखालची देवराई

रंगमंचावर मी किती वेळा मेले कोण जाणे! पुढच्या रांगेतली पोरं तेव्हा माझं पोट हलतंय का, तेवढंच बघत बसायची. राजारामपुरीत आमच्या माडीवर भाड्यानं राहणारी प्रेरणा मला त्या पोरांतलीच वाटते.

पोरगी गडहिंग्लजकडची. उपग्रहाच्या चित्रांवरून दुष्काळानं मेलेली झाडं हुडकणं हे तिचं काम. जिवंत पान डोळ्यांना न दिसणारा उजेड वर परत पाठवतं, वाळलेलं पाठवत नाही. तशी जागा नकाशावर लाल दिसते.

गेल्या उन्हाळ्यात तिच्याच गावची देवराई लाल झाली. नकाशा बघून गावच्या समितीनं झाडं तोडायचं ठरवलं. प्रेरणाचं जेवणच सुटलं.

"मावशी, ह्याच झाडांखाली वाढले मी. माझ्याच नकाशानं त्यांच्यावर कुऱ्हाड आणली."

"लांबनं मेलेलं बघितलंस. आता जवळ जाऊन श्वास बघ की," मी म्हटलं आणि तिच्याबरोबर एसटीत बसले.

देवराईच्या तोंडाशीच समितीचे बाळासो उभे होते. "पावणं, नाटक हाय व्हय हितं? आभाळातनं फोटू आलाय. जत्रंत फांदी टाळक्यात पडली म्हंजे?"

प्रेरणाची आजी गंगव्वा तिथली पुजारीण. या रानात वेल तोडायची नाही, काटकी उचलायची नाही, ही तिची शिस्त. प्रेरणानं मान वर केली आणि थबकली. पिढ्यान्‌पिढ्या न तोडलेल्या वेली झाडांच्या डोक्यांवर गोधडीसारख्या पसरल्या होत्या. वाळल्या होत्या त्या वेली! उपग्रहाला वरून गोधडीच दिसली होती.

"अव्वा, साल खरवडून बघायला पाहिजे."

"देवाला न इचारता नख लावायचं न्हाय," म्हणत गंगव्वानं कौल लावला. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. उजवं फूल पडलं, देवाचा होकार आला.

प्रेरणानं नखानं साल खरवडली. खाली ओलं, हिरवं.

"आयला, जित्तं हाय की!" बाळासो ओरडले आणि स्वतःच पुढच्या झाडाकडं धावले.

काही झाडं खरोखरच मेली होती. प्रेरणानं तेही सांगितलं. पण कुऱ्हाड लागली नाही. समितीनं जत्रेची वाटच त्या झाडांपासून लांब वळवली.

परवा तिनं मला माडीवर हाक मारली. पावसाळ्यानंतरचं नवं चित्र आलं होतं. लाल गोधडी जागोजागी फाटली होती आणि भोकांतून हिरवी डोकी वर आली होती. मी अशा टाळ्या वाजवल्या, की खालच्या रिक्षावाल्यानं मान वर करून बघितलं.