कोल्हारच्या मामांचा दहावा

सोनईच्या कल्याणनं चार वर्षांत तीन मावश्या, दोन चुलत सासरे आणि एक साडू मारला. तोंडानं बरं का. माणसं सगळी ठणठणीत होती, आणि साडू तर त्याला मुळात नव्हताच. बायको सुकन्या एकुलती एक, साडू येणार कुठून? पण रविवार मोकळा करायचा तर कुणीतरी मरावं लागायचं, आणि कल्याणला रविवार हवा असायचा सायकलसाठी.

धंदा त्याचा गाईंच्या नख्या काढण्याचा. होस्टन म्हणजे विलायती जातीची गाय दिवसभर दावणीला उभी, चालणं नाही, मग नख्या वाढतात, गाय लंगडते, आणि लंगडली की दूध कमी करते. कल्याण जुन्या पिकअपमागं लोखंडी खोडा जोडून वस्त्या-वस्त्यांवर जायचा, गाय खोड्यात घ्यायचा, पाय पट्ट्यानं वर बांधायचा आणि ग्राइंडरनं नखी तासून सारखी करायचा. आधी एका मोठ्या गोठ्यावर पगारानं हेच काम करत होता. ती नोकरी सोडली सायकलपायीच. म्हटलं, आपले आपण मालक झालो की पाहिजे तेव्हा सुट्टी. कसली सुट्टी आणि कसलं काय. नोकरीत निदान रविवार तरी मोकळा होता. आता गिऱ्हाईक रविवारीच बोलावणार, कारण गाय धरायला घरातली माणसं त्याच दिवशी घरात.

"तेव्हा एकच साहेब होता," सुकन्या म्हणायची, "आता दीडशे आहेत, आणि प्रत्येकाच्या दावणीला चार-चार साहेबिणी."

सायकलचं म्हणाल तर ती शर्यतही नव्हे. त्यात पहिला-दुसरा नंबर नसतो, बक्षीस नसतं. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे किलोमीटर वीस तासांत, चारशे किलोमीटर सत्तावीस तासांत आणि सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. वाटेत ठरल्या जागी कार्डावर शिक्का घ्यायचा, दिलेल्या वेळेत परत यायचं. एका हंगामात चारही पुरी केली की एक पदक मिळतं, तेही आपल्याच पैशानं मागवायचं. नाद, दुसरं काय. पण रात्रभर पाय मारून पहाटे मनमाडच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर तांबडं फुटलं की कल्याणला वाटायचं, या घडीला आपल्याकडं कुणाचं काही काम नाही. हे वाटणं त्याला फार आवडायचं. बाकी आठवडा दीडशे जणांचे फोन असायचेच.

यंदा त्याची दोनशे, तीनशे, चारशे झाली होती. राहिली होती फक्त सहाशे. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी पहाटे चारला नगरहून निघायचं, मनमाड-धुळ्यावरून शिरपूरच्या पुढं जाऊन त्याच रस्त्यानं माघारी, आणि रविवारी रात्री आठच्या आत नगर गाठायचं. नेमका तोच रविवार त्यानं रामहरीतात्यांना देऊन ठेवला होता.

रामहरीतात्या म्हणजे घोडेगावच्या अलीकडं वस्तीवर एकटे राहणारे सत्तरीचे गृहस्थ. पाच गाई. बायको रतनबाई गेल्याच फेब्रुवारीत गेली. त्यांची एक गाय मागच्या पायानं लंगडत होती, आणि गुरुवारी संध्याकाळी कल्याणनं त्यांना फोन लावायला घेतला.

"सरळ सांगा ना सायकलचं," शेजारी बसलेली सुकन्या म्हणाली.

"अगं, सायकलसाठी गाय लंगडी ठेवली म्हटलं तर गावात तोंड दाखवता येईल का? लोक मयत ऐकून घेतात, लग्न ऐकून घेतात. सायकल कोण ऐकून घेतं?"

खरंच होतं ते. फोन लागल्यावर कल्याणनं तात्यांना सांगितलं, रविवारी जमत नाही, एका दहाव्याला जायचंय. दहावा म्हटलं की आमच्याकडं कुणी पुढं एक शब्द बोलत नाही. तात्याही बोलले नसते. पण ते म्हातारं माणूस, एकटं, त्यांनी हळूच विचारलं, "कोन गेलं रं?"

आजवर कल्याणला कुणी नाव विचारलं नव्हतं. त्याच दुपारी कोल्हारच्या मामांचा फोन येऊन गेला होता, की रविवारी परतताना फाट्यावर थांब, भाकरी घेऊन उभा राहतो. तेच नाव तोंडावर होतं.

"कोल्हारचे मामा," कल्याण बोलून गेला. "कानिफनाथमामा. रविवारी दहावा आहे, घाटावर. तुमच्याकडं मंगळवारी येतो."

"अरारा," तात्या म्हणाले. "तू जा बाबा. गाईचं काय, बघू मंगळवारी."

फोन ठेवला तर सुकन्या डोळे वटारून बघत होती. "सख्खा मामा? अहो, जिवंत माणूस."

"तात्या कशाला पंचावन्न-साठ किलोमीटर येतायत? विसरून जातील."

आता इथं कल्याण चुकला, आणि नगर जिल्ह्यात जन्म काढून चुकला. आमच्याकडं दहाव्याला आलेला माणूस फेडायचा असतो. लग्नाचा आहेर एखादेवेळी राहील, पण तुमच्या दु:खात जो घाटावर येऊन बसला, त्याच्या दु:खात तुम्ही जायचं म्हणजे जायचंच. आणि रतनबाईच्या दहाव्याला कल्याण गेला होता. नुसता तोंड दाखवून आला नव्हता, प्रवचन संपेपर्यंत बसला होता. तो गेल्या वर्षीच्या सहाशेचा रविवार होता. फी भरलेली, सायकल तेलपाणी करून दारात उभी, आणि हा शनिवारी पहाटे उठून निघालाच नाही. रतनबाई त्याला दर खेपेला गोठ्यातच गरम भाकरी आणून द्यायची आणि खाऊन होईस्तोवर ग्राइंडरला हात लावू द्यायची नाही. तिच्यासाठी त्यानं सहाशे सोडली, आणि हे सुकन्या नि मामा सोडून कुणाला सांगितलंही नाही.

शनिवारी पहाटे चारला पंधरा-सोळा जण नगरहून निघाले. बॅटरी वाचवायला कल्याणनं फोन बंद करून पिशवीत टाकला. जाताना सगळं झकास चाललं. धुळ्याच्या पुढं दोनदा पंक्चर झालं, रात्री एका ढाब्याच्या बाजेवर तासभर पाठ टेकली, आणि रविवारी परतताना वारा समोरून लागला. तरी शिर्डी मागं टाकली तेव्हा हिशेब जमत होता. कोल्हारला पाच मिनिटं, भाकरी, पाणी, आणि मग शेवटचे पंचावन्न. पायांत गोळे आले होते, मान वर होत नव्हती, पण मनातून तो खुशीत होता. यंदा होतंय, असं त्याला वाटत होतं.

पावणेपाचला कोल्हारचा फाटा आला. चहाच्या टपरीपुढच्या बाकावर मामा बसले होते, मांडीवर भाकरीचं फडकं. आणि मामांच्या शेजारी, पांढरी टोपी, धुतलेलं धोतर, हातात पिशवी, असे रामहरीतात्या.

कल्याणनं ब्रेक दाबला आणि तसाच उभा राहिला.

झालं होतं असं. तात्या सकाळी पहिल्या एसटीनं राहुरी, तिथून कोल्हार करत घाटावर पोचले. घाटावर दहावा होता, पण दुसऱ्याच कुणाचा. विचारत विचारत घरी गेले तर ओट्यावर एक माणूस चहा पीत बसलेला. तात्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि म्हणाले, "कानिफनाथांचं फार वाईट झालं." कानिफनाथ चहाचा कप हातात धरून बघतच राहिले. मग भाच्याचे उद्योग ध्यानात येऊन त्यांनी सावरून घेतलं. म्हणाले, "त्याचं असं हाय पाव्हनं, मला कावळा शिवला. म्हून सोयऱ्याधायऱ्यांत मेल्याची खोटी खबर धाडावी लागली, दोष जायला." ही जुनी रीत तात्यांना ठाऊक होती. त्यांनी मान डोलावली, उलट मामांचं आयुष्य वाढलं म्हणून बरं वाटलं त्यांना. पण मामांनी जेवायला वाढलं, आणि समोर तो भला माणूस खाली मान घालून जेवतोय हे बघून मामांनाच घास जाईना. त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. कल्याणला फोन लावला तर बंद. मग तात्या म्हणाले, तो इथूनच जानार हाय ना, मग भेटूनच जातो.

हे सगळं मामांनी त्याला चार वाक्यांत सांगितलं. कल्याणनं सायकल टपरीला टेकवली. अंगात ती घट्ट चड्डी, डोक्यावर हेल्मेट, तोंडाला धुळीचे थर. त्या म्हाताऱ्यापुढं असं उभं राहायची त्याला फार लाज वाटली.

"चुकलं तात्या," तो म्हणाला.

तात्या रागावले असते तर सोपं होतं. ते रागावले नाहीत. "बस," म्हणाले, आणि बाकावर सरकून जागा दिली. समोरून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या.

"गाय दोन दिस जास्त लंगडंल, तिचं काय न्हाई," तात्या म्हणाले. "मी सकाळपास्नं येकच इचार करतोय. माज्या रतनच्या दहाव्याला तू बसला हुतास. डोळं पुसताना मी बगितलं तुला. वरीस झालं, लोकास्नी सांगतो मी, नख्या काढनारं पोरगं रतनसाठी रडलं म्हून. ते तरी खरं हुतं का रं?"

जिवंत मामाला मारणारं तोंड, आता त्यानं काय सांगितलं म्हणजे पटेल? तुमच्यासाठी सहाशे सोडली होती म्हणावं, तर तेही रचलेलंच वाटणार. मामा बोलायला लागले तर त्यानं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं.

"खरं होतं तात्या," एवढंच तो म्हणाला.

तात्यांनी त्याच्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं, पण पटलं की नाही ते कळेना. त्यांना तसंच सोडून पाय मारत निघून जाणं कल्याणला जमेना. भाकरी फडक्यातच राहिली. घड्याळात सव्वापाच झाले तेव्हा तात्यांनीच विचारलं, "तुला किती वाजंपरेंत पोचायचंय?"

"आठ."

"मग जा की. मी एसटीनं जातो."

पंचावन्न किलोमीटर, पावणेतीन तास. ताज्या पायांनी काहीच नाही, पण साडेपाचशेच्या आसपास झाल्यावर, समोरच्या वाऱ्यात, ते फार होतं. कल्याणनं जीव तोडून पाय मारले. राहुरी गेली, अंधार पडला, ट्रॉल्यांच्या धुळीत पुढचं दिसेना. नगरला पोचून त्यानं कार्ड टेबलावर ठेवलं तेव्हा आठ वाजून सहा मिनिटं झाली होती. टेबलामागच्या माणसानं वाईट तोंड करून कार्ड माघारी दिलं. नियम म्हणजे नियम, त्याचा काही दोष नव्हता. कल्याण तिथंच फुटपाथवर बसला आणि खरं सांगायचं तर रडला. दोन वर्षं एकाच सहाशेनं हुलकावणी दिली होती. घरी गेल्यावर सुकन्यानं त्याला आंघोळीला गरम पाणी दिलं आणि खोट्याच्या कपाळी गोटा वगैरे काही म्हणाली नाही, हे तिचे उपकारच.

मंगळवारी सकाळी तो तात्यांच्या वस्तीवर गेला. खोडा लावला, लंगडती गाय आत घेतली, पाय बांधला. नखी तासली तर आत खडा रुतून पू झाला होता. त्यानं तो काढला, धुतलं, मोरचूद भरून पट्टी बांधली. तात्या गाईच्या तोंडाशी दावं धरून उभे होते. रविवारचा विषय दोघांनीही काढला नव्हता.

"पोचलास का येळंत?" तात्यांनी एकदम विचारलं.

कल्याणचा हात थांबला. 'पोचलो' म्हटलं की संपलं. म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटलं असतं, नाहीतर आपल्यापायी पोराचं नुकसान झालं हे तो उगाच घेऊन बसला असता. असलं खोटं बोलायला काय लागतं? चार वर्षांत त्यानं मामा धरून सात माणसं मारली होती, आणि हे तर पुण्याचं खोटं होतं. शब्द अगदी ओठावर आला.

"न्हाई तात्या," तो गाईच्या पायाकडं बघत म्हणाला. "सहा मिनिटांनी हुकलं."

"माज्यापायी."

"व्हय. तिथं बसलो त्याच्यापायी."

कल्याणनं पट्ट्याची गाठ सोडली, गाईनं पाय खाली टेकवला, एकदा उचलला, आणि पुन्हा पुरा टेकवला. तात्यांनी तिच्या कपाळावरून हात फिरवला.

"कानिफनाथाचा काल फोन आल्ता," ते म्हणाले. "त्यानं सांगितलं हुतं मला, हुकलं म्हून. तरी तुज्या तोंडानं ऐकायचं हुतं. तू पोचलो म्हनला असतास ना, तर रतनसाठी रडला हुतास ते मी आजपास्नं खोटं धरलं असतं."